धातूवरील पातळ पापुद्रा आणि धातूची ताकद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील लहान कारखानदार, आयटीआय व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी आणि शेतीची अवजारे दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडून धातूंवरील लेप, गंज आणि ऑक्साइड यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे वरचा थर कठीण केला की आतला धातूही बळकट होतो. काही वेळा ती खरी ठरते, पण कित्येकदा नेमके उलट घडते आणि शाफ्ट, बोल्ट किंवा नळ तुटून हाती येतो. म्हणून थर किती कठीण आहे यापेक्षा तो पृष्ठभागावर नेमके काय करतो, याकडे या उत्तरांत अधिक लक्ष दिले आहे.

पापुद्रा म्हणजे नेमके काय आणि तो किती जाड असतो?

सोन्यासारखे अपवाद सोडले, तर हवेत उघडा असलेला जवळपास प्रत्येक धातू ऑक्साइडच्या पातळ थराने झाकलेला असतो. अ‍ॅल्युमिनिअमवरील नैसर्गिक थर 2 ते 4 नॅनोमीटर जाडीचा असतो आणि धातू नव्याने कापला तरी तो जवळजवळ तत्क्षणी पुन्हा तयार होतो. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमिअमयुक्त थर साधारण 1 ते 3 नॅनोमीटरचा असतो. माणसाने मुद्दाम चढवलेले थर याच्या कित्येक हजारपट जाड असतात. अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमवर विजेच्या साहाय्याने मुद्दाम वाढवलेल्या ऑक्साइडचा, थर सामान्यतः 5 ते 25 मायक्रॉन असतो, तर वितळलेल्या जस्तात बुडवून केलेल्या गॅल्व्हनायझिंगचा थर बहुधा 50 ते 100 मायक्रॉनच्या घरात असतो. एक मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर, हे लक्षात घेतल्यास या दोन गटांमधील अंतर समजेल. दोन्ही गट धातूच्या वागणुकीवर परिणाम करतात, पण त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

इतक्या पातळ थरामुळे जाड धातूच्या ताकदीत फरक पडेलच कसा?

शंका रास्त आहे, आणि ती आकड्यांत मांडली तर अधिकच रास्त वाटते. एक मिलिमीटर व्यासाच्या तारेवर 10 नॅनोमीटरचा ऑक्साइड आहे असे धरले, तर तारेच्या एकूण छेदक्षेत्रात त्याचा वाटा 0.00004 इतकाच भरतो. हा थर तारेबरोबर भार उचलतो असे मानून हिशेब केला, तर त्याचा उपयोग शून्य धरायला हरकत नाही. म्हणजे पापुद्र्याचा प्रभाव त्याने उचललेल्या भारातून येत नाही.

तो कोठून येतो, हे समजण्यासाठी धातू वाकतो म्हणजे काय होते ते पाहावे लागेल. धातूतील अणू ओळींनी रचलेले असतात आणि या रचनेत काही ठिकाणी एखादी ओळ मध्येच संपलेली असते. त्या दोषरेषेला डिस्लोकेशन म्हणतात. धातू कायमचा वाकतो तेव्हा सगळे अणू एकदम सरकत नाहीत. ही दोषरेषा पुढे पुढे सरकते आणि तिच्या मागे अणूंचा एक थर दुसऱ्यावरून एका अणूइतका घसरलेला राहतो. रेषा मोकळ्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली की ती बाहेर पडून नाहीशी होते आणि तेथे एक अतिसूक्ष्म पायरी उमटते. मोकळा पृष्ठभाग तर अशा रेषांना आपल्याकडे ओढतोसुद्धा, कारण बाहेर पडल्याने त्यांच्याभोवतीचा ताण मोकळा होतो.

आता त्याच पृष्ठभागावर घट्ट चिकटलेला आणि धातूपेक्षा ताठ असा थर असेल, तर चित्र पालटते. अ‍ॅल्युमिनिअमचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे 70 गिगापास्कल आहे आणि स्फटिकरूप अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा 400 च्या आसपास आहे. नैसर्गिक पापुद्रा अस्फटिक असल्याने त्याचा आकडा बराच कमी असतो, तरीही धातूपेक्षा तो अधिकच भरतो. असा थर जवळ येणाऱ्या रेषेला मागे लोटतो. रेषा बाहेर पडू शकत नाहीत, पापुद्र्याखाली एकामागे एक अडकून पडतात आणि मागून येणाऱ्या रेषांना विरोध करू लागतात, त्यामुळे धातू वाकवायला अधिक जोर लागतो. पापुद्रा स्वतः भार उचलत नाही. तो बाहेर पडण्याची वाट अडवतो, आणि ताकदीतील वाढ त्या अडवणुकीतून येते.

याला प्रयोगाचा आधार आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. 1934 मध्ये रॉस्को या संशोधकाने कॅडमिअमच्या एकस्फटिक तारांवर काम करताना असे दाखवले की 20 अणूंपेक्षाही कमी जाडीच्या ऑक्साइड थराने स्फटिक घसरू लागण्याचा ताण सुमारे निम्म्याने वाढतो. या परिणामाला पुढे त्याचेच नाव मिळाले. येथे स्फटिक एकच होता, ही बाब महत्त्वाची आहे. आपण बाजारातून आणतो त्या पट्टीत लाखो बारीक कण असतात आणि कणांच्या सीमाच डिस्लोकेशनना आधी अडवतात, त्यामुळे पृष्ठभागाचा वाटा झाकला जातो. रॉस्कोचा आकडा कारखान्यातील पट्टीला लावण्याची चूक अनेक विद्यार्थी प्रकल्प अहवालात करतात, ती टाळावी.

मला स्वतःला यापेक्षाही पटणारा वाटतो तो 1953 मधील बॅरेटचा प्रयोग. त्यात जस्ताची ऑक्साइडयुक्त तार पीळ देऊन सोडून दिली जाते. सोडल्यावर तार नेहमीप्रमाणे हळूहळू उलगडू लागते, म्हणजे पीळ उतरण्याच्या दिशेने फिरते. या वेळी तिच्यावर आम्ल सोडून पापुद्रा विरघळवला, तर तार थबकते आणि उलट दिशेने, म्हणजे मूळ पीळ ज्या दिशेने दिला होता त्याच दिशेने, पुन्हा थोडी फिरते. बाहेरून कोणी हात लावलेला नसतो. पापुद्र्याखाली अडकलेल्या रेषा वाट मोकळी होताच बाहेर पडतात आणि जाता जाता तारेला पीळ देऊन जातात. न दिसणारी अडवणूक तारेच्या फिरण्यातून डोळ्यांसमोर येते, यापेक्षा स्वच्छ पुरावा मागण्याचे कारण नाही.

पापुद्र्याचा परिणाम नेहमी ताकद वाढवण्याचाच असतो का?

नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ रेबिंडर याने 1928 मध्ये दाखवले की पृष्ठभागावर चिकटून बसणाऱ्या काही द्रव्यांच्या अतिपातळ थराने घन पदार्थ विकृत होणे किंवा फुटणे सोपे होते. धातूंच्या बाबतीत या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. ब्रिटनमध्ये अँड्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमिअमच्या स्फटिकांवर हेच तपासले, तेव्हा मऊपणाचा संबंध त्या द्रव्याने ऑक्साइडच्या पापुद्र्याला इजा करण्याशी असल्याचे त्यांना दिसले. हे स्पष्टीकरण वरच्या उत्तराशी जुळते: वाट अडवणारा थर भेदला की धातू आपल्या मूळ मऊपणाकडे परत येतो. 1960 च्या दशकात अमेरिकेतील क्रेमर याने पुढे जाऊन असे मांडले की पापुद्रा नसतानाही वाकणाऱ्या धातूचा वरचा पातळ भाग आतल्यापेक्षा अधिक कठीण होत जातो. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही, पण पृष्ठभाग हा धातूचा केवळ शेवट नसून त्याला स्वतःची वागणूक असते, एवढे त्यातून घ्यावे.

अ‍ॅल्युमिनिअमच्या ओतीव भागांत पापुद्र्याचा काय संबंध? आमचा एक भाग भरीव दिसूनही सहज तुटतो.

पंपाचे भाग आणि लहान झाकणे ओतणाऱ्या भट्ट्यांतून हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि त्याचे उत्तर मिळाले तर पैसे थेट वाचतात, म्हणून ते सविस्तर देत आहे.

आधी एक साधी गोष्ट करून पाहावी. अ‍ॅल्युमिनिअमची जाडसर तार आडवी धरून तिचे टोक गॅसच्या तीव्र ज्योतीत तापवावे. डोळ्यांवर चष्मा असावा आणि खाली वाळू पसरलेली असावी. धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो, पण टोकाचा थेंब लगेच गळत नाही. टोक मऊ होऊन खाली झुकते, आत चकाकणारा द्रव हलताना दिसतो आणि तरीही तो एका करड्या, सुरकुतलेल्या पिशवीत लोंबत राहतो. ती पिशवी म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा, जो 2000 अंशांच्याही वर वितळतो. एका बोटाएवढा वितळलेला धातू तो उचलून धरतो, हे पाहिल्यावर त्याच्या चिवटपणाबद्दल शंका उरत नाही.

आता हाच पापुद्रा मुशीतील रसावर आहे अशी कल्पना करा. रस शांतपणे साच्यात गेला तर तो वरच राहतो. रस उंचावरून धबधबा पडावा तसा ओतला, तर पृष्ठभाग दुमडतो आणि पापुद्रा दुधाच्या सायीप्रमाणे घडी पडून आत ओढला जातो. घडीच्या दोन कोरड्या बाजू एकमेकींना टेकतात, पण चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. धातू थिजला की ही घडी म्हणजे आत लपलेला तयार तडा असतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन कॅम्पबेल यांनी या दुहेरी पापुद्र्यांचा विचार गेली काही दशके आग्रहाने मांडला आहे. त्यांच्या मते वितळलेल्या अ‍ॅल्युमिनिअमचा वेग साच्यात सेकंदाला सुमारे 0.5 मीटरच्या वर जाऊ नये. हा वेग केवळ 12 ते 13 मिलिमीटर उंचीवरून पडल्यानेच गाठला जातो. म्हणजे हाताने पळी तिरपी करून वीतभर उंचीवरून ओतणारा कारागीर ही मर्यादा पहिल्याच क्षणी ओलांडतो.

म्हणून मिश्रधातू बदलण्याआधी ओतण्याची पद्धत बदलावी. रस साच्यात खालून वर चढेल अशी वाट ठेवावी, ती वाट अरुंद ठेवून सतत भरलेली राहील असे पाहावे आणि मुशीवरचा मळ काढताना रस ढवळू नये. जुने, तेलकट, रंगवलेले भंगार मुशीत टाकल्यास त्याच्यावरील पापुद्रेही रसात येतात, हेही ध्यानात ठेवावे. तुटलेल्या भागाच्या छेदात राखाडी किंवा पिवळसर, सपाट आणि चकाकी नसलेला पट्टा दिसला, तर तो बहुधा अशाच घडीचा असतो.

हायड्रॉलिक रॉडला किंवा शाफ्टला हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमिअमचा कठीण थर, केल्यावर तो अधिक टिकतो ना?

घासून झिजण्याच्या बाबतीत होय. पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या भाराच्या बाबतीत बहुधा नाही. हा फरक न कळल्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे, म्हणून त्याची कारणे नीट पाहू.

धातू एका दणक्यात तुटण्यापेक्षा लाखो लहान भारांनी थकून तुटणे, म्हणजे फटीग, हे यंत्रांच्या मोडतोडीचे अधिक नेहमीचे कारण आहे. फटीगचा तडा बहुतेक वेळा पृष्ठभागावर जन्मतो. बदलत्या भाराखाली काही ठरावीक पट्ट्यांत घसरण पुन्हा पुन्हा होते आणि तेथे सूक्ष्म उंचवटे व खाचा तयार होतात. थॉम्पसन, वॉड्सवर्थ आणि लूआ यांनी 1956 मध्ये तांब्यावर दाखवले की मधूनमधून चाचणी थांबवून विद्युत-पॉलिशने हे पट्टे काढून टाकले, तर तांब्याचे आयुष्य वाढत जाते. म्हणजे थकवा सबंध धातूत नव्हे, तर वरच्या कातड्यात साठत होता. हवेचा वाटाही यात आहे. गफ आणि सॉपविथ यांनी 1932 पासून निर्वातात घेतलेल्या चाचण्यांत तांबे आणि पितळ हवेतल्यापेक्षा अधिक टिकले. हवेत प्रत्येक नवी पायरी उघडी पडताच तिच्यावर ऑक्साइड चढतो, त्यामुळे भार उलटला तरी घसरण पूर्ववत होत नाही आणि उघडलेला तडा पुन्हा सांधत नाही.

अशा नाजूक पृष्ठभागावर आपण ठिसूळ थर चढवतो, तेव्हा तडा जन्मण्याची वाट पाहावीच लागत नाही. हार्ड क्रोमच्या थरात चढतानाच ताण निर्माण होतो आणि त्यात सूक्ष्म भेगांचे जाळे पडलेले असते. थर पोलादाला घट्ट चिकटलेला असल्याने भेगेचे टोक थेट पोलादात ताण केंद्रित करते. अ‍ॅल्युमिनिअमवरील अ‍ॅनोडायझिंगचेही तसेच आहे. खालचा धातू ताणून कितीतरी लांबू शकतो, पण वरचा ऑक्साइड एक टक्क्याच्या आतच तडकतो. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर जितका जाड, तितका हा तोटा वाढतो.

उपाय अवघड नाही. प्लेटिंगआधी शॉट पीनिंग करून, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून, पोलादाच्या कातड्यात दाब भरून ठेवावा. दाबाखालील भागात वरून आलेली भेग पुढे सरकायला कचरते. विमानांच्या लँडिंग गिअरच्या कामात ही रीत रुळलेली आहे. ट्रॅक्टरच्या सिलिंडर रॉडसाठी तिची नेहमीच गरज नसते, कारण तेथे मुख्य शत्रू झीज असते. मात्र फिरता वाक सहन करणाऱ्या शाफ्टला झीज झाली म्हणून विचार न करता क्रोम चढवून देणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिंक प्लेटिंग करून आणलेला उच्च ताकदीचा बोल्ट कसल्यानंतर दुसऱ्या दिवशी तुटला. प्लेटिंग खराब होते का?

थर दिसायला उत्तम असूनही असे होऊ शकते. आम्लात धुताना आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन तयार होतो. त्याचे अणू पोलादात शिरतात आणि वर जस्ताचा थर बसल्याने त्यांना बाहेर पडणे कठीण होते. बोल्ट कसल्यावर ते ताणाच्या जागी गोळा होतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, भार न वाढता, बोल्ट तुटतो. साध्या 8.8 दर्जाच्या बोल्टला हा धोका फारसा नसतो, 12.9 दर्जाला, म्हणजे रॉकवेल सी (एचआरसी) मोजपट्टीवर साधारण 39 च्या वरच्या कठीणपणाला, तो खरा असतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भाग 190 ते 220 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवून कित्येक तास तापवण्याची रीत याचसाठी आहे. काम देताना हे बिलावर लिहून मागावे. शक्य असेल तेथे अशा बोल्टना विद्युत प्लेटिंग न करता जस्ताच्या पत्रीयुक्त रंगासारखा लेप द्यावा.

जीआय (जस्ताचा थर दिलेली, गॅल्व्हनाइझ्ड) तार तीव्र वाकवली की वरचा थर का सोलतो?

वितळलेले जस्त सुमारे 450 अंशांना पोलादाला भेटते तेव्हा दोघांमध्ये लोह आणि जस्त यांच्या संयुगांचे थर वाढतात. ते शुद्ध जस्तापेक्षा कितीतरी कठीण आणि ठिसूळ असतात. तार टाकीत जास्त वेळ राहिली किंवा पोलादात सिलिकॉनचे प्रमाण नडणारे असले, तर हे थर जाड होतात आणि वाकवताना तडकून सोलतात. कुंपणाच्या तारेच्या ताकदीत यामुळे लक्षणीय घट होत नाही. जाते ते गंजापासूनचे संरक्षण. म्हणून वाकवायचे काम आधी आणि गॅल्व्हनायझिंग नंतर, हा क्रम शक्य तेथे पाळावा.

गोठ्यातील किंवा खतांच्या खोलीतील पितळी नळ आणि नोझल आपोआप चिरतात. पाणी खराब असते का?

यावल, रावेर पट्ट्यात केळीला ठिबकमधून खते देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि गोठाही बहुधा शेजारीच असतो, त्यामुळे खान्देशात हा प्रश्न घरोघरचा आहे. दोष पाण्याचा असण्यापेक्षा अमोनियाचा असण्याची शक्यता अधिक.

या चिरण्याचा इतिहास भारताशीच जोडलेला आहे. ब्रिटिश काळात येथील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली की त्यांच्या कोशांना चिरा पडत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये त्याचे कारण स्पष्ट केले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून कोश बनवताना धातूत उरलेला ताण, ही दोन्ही कारणे एकत्र आली की पितळ चिरते. दोहोंपैकी एक नसेल तर चिरत नाही. ज्या खान्देशात आज वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तेथील विद्यार्थ्यांना हे उदाहरण जवळचे वाटावे.

पापुद्र्याचा भाग असा. अमोनिया असलेल्या ओलाव्यात पितळावर काळपट, ठिसूळ ऑक्साइडचा थर वाढतो आणि तो कणांच्या सीमांवरून थोडा आतही शिरतो. धातूतील ताणामुळे हा थर तडकतो, खालचा ताजा धातू उघडा पडतो, त्यावर पुन्हा थर वाढतो आणि पुन्हा तडकतो. फॉर्टी आणि हंबल यांनी 1963 मध्ये अशा पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या चिरेचे स्पष्टीकरण मांडले. वाढणाऱ्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, पण तीच प्रक्रिया पुन्हा पुन्हा घडून नळाची सबंध भिंत पार करते.

जस्त 15 टक्क्यांपेक्षा जास्त असलेले पितळ अधिक चिरते आणि बाजारातील बहुतेक नळ त्यातच मोडतात. घट्ट कसलेल्या आटेदार जोडावर ताण सर्वांत जास्त असतो, म्हणून चीर तेथेच सुरू होते. युरिया आणि अमोनियमयुक्त खतांच्या खोलीत प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेसचे जोड वापरावेत. पितळच हवे असेल तर जोड पान्याला जोर लावून आवळू नये, आणि भाग बनवणाऱ्याने साधारण 250 ते 300 अंशांना तापवून आतला ताण उतरवून द्यावा.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मध्येच जाम होतो. असे का?

दोन्ही पृष्ठभागांवरील पापुद्रा एरवी धातूला धातूपासून दूर ठेवतो. आट्यांवर दाब आणि घर्षण वाढले की तो फाटतो, उघडे स्टेनलेस एकमेकांना जागच्या जागी सांधले जाते आणि पुढे फिरवल्यास सांधा वाढतच जातो. नट जाम होऊ लागल्यावर जोर लावू नये. तेल देऊन मागे फिरवावा. जोडतानाच आट्यांना जाम न होऊ देणारे वंगण लावावे, आणि विजेच्या यंत्राने भरधाव कसणे टाळावे. हवा नसलेल्या अंतराळात फाटलेला पापुद्रा पुन्हा तयार होत नसल्याने तेथे ही अडचण कितीतरी मोठी असते.

सोन्यावर ऑक्साइड येत नाही. मग हे सगळे जळगावच्या सोनारकामाला लागू पडते का?

शुद्ध सोन्याला नाही, आणि म्हणूनच त्याचे दोन स्वच्छ पत्रे नुसत्या दाबानेही सांधता येतात. दागिन्यांच्या सोन्यात मात्र तांबे असते. तापवल्यावर 22 कॅरटच्या पृष्ठभागावर जो काळेपणा येतो, तो तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. तो न काढता डाग दिला, म्हणजे सांधण्यासाठी वितळणारा मिश्रधातू लावला, तर डागाचे द्रव पसरत नाही आणि सांधा वरून भरलेला दिसूनही आत पोकळ राहतो. सौम्य गंधकाम्लात उजळणे आणि डाग देताना टाकणखार लावणे, या दोन्ही कृतींचा हेतू हा पापुद्रा दूर ठेवणे हाच आहे. कल्हई करताना तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला जातो, तोही यासाठीच.

पारा सांडला तर अ‍ॅल्युमिनिअमचे भांडे खराब होते, हे खरे आहे का?

खरे आहे. शाबूत पापुद्रा पाऱ्याला रोखतो, पण एखादा ओरखडा मिळाला की पारा आत पोहोचतो आणि धातू झपाट्याने पांढऱ्या चुऱ्यात बदलू लागतो. विमानात पारा नेण्यावर कडक निर्बंध आहेत ते याचसाठी. गॅलियम तर अ‍ॅल्युमिनिअमच्या कणसीमांमध्ये शिरते आणि जाड पट्टी हाताने मोडण्याइतकी ठिसूळ करते. द्रव धातूचा पातळ थर घन धातूला किती दुबळा करू शकतो, याचे हे टोकाचे उदाहरण आहे. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हा प्रयोग वर्गात करून पाहू नये.

औष्णिक केंद्रातील बॉयलरच्या नळ्यांत ऑक्साइडचा थर चांगला की वाईट?

दीपनगरला काम करू इच्छिणारे विद्यार्थी हा प्रश्न आवर्जून विचारतात. पातळ, सलग मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा काळा ऑक्साइड, हवाच असतो, कारण तो पोलादाला पाण्यापासून वाचवतो. सुमारे 540 अंशांच्या वाफेत मात्र तो वर्षानुवर्षे जाड होत जातो. तो उष्णता नीट वाहू देत नाही, म्हणून नळीचा धातू अधिक तापतो आणि तापलेल्या पोलादाचे हळूहळू ताणले जाणे, म्हणजे क्रीप, वाढते. दुसरा धोका संच बंद करताना असतो. ऑस्टेनाइटिक या प्रकारच्या स्टेनलेसची नळी ऑक्साइडपेक्षा बरीच अधिक आकुंचन पावते, थर सुटून पडतो, त्याचे खवले खालच्या वळणात साचतात आणि संच पुन्हा सुरू झाल्यावर वाफेची वाट अडून नेमकी तीच नळी जळते. म्हणून संच थंड करण्याचा वेग पाळण्याला एवढे महत्त्व दिले जाते.

मोटर रिवाइंडिंगच्या तारेवरील इनॅमलने तांबे मजबूत होते का?

नाही. इनॅमलचा ताठपणा तांब्याच्या तुलनेत अगदी थोडा असतो आणि तार जाड असते. त्याचे काम विद्युतरोधनाचे आहे. चिपमधील एक मायक्रॉन किंवा त्याहून पातळ तांब्याच्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वरचा ताठ थर डिस्लोकेशनना खरोखर कोंडून ठेवतो आणि पट्टीची ताकद लक्षात येण्याइतकी वाढते. धातू जितका पातळ, तितका पृष्ठभागाचा अधिकार मोठा.

तंत्रनिकेतनात कमी खर्चात कोणता प्रकल्प करता येईल?

एकाच पत्र्यातून अ‍ॅल्युमिनिअमच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापाव्यात. निम्म्या पट्ट्या अ‍ॅनोडाइझ करून आणाव्यात आणि सर्व पट्ट्या ठरावीक त्रिज्येच्या गोल कडेवर, ठरावीक कोनात मागेपुढे वाकवून, कितव्या फेरीला तुटतात ते मोजावे. पट्ट्यांच्या कडा आधी पॉलिश कागदाने सारख्या घासून घ्याव्यात, नाहीतर कातरीच्या खाचांचाच परिणाम मोजला जाईल. आकडे पसरलेले येतील. म्हणून दोन-तीन पट्ट्यांवर निष्कर्ष काढू नये.

भाग तुटल्यावर पापुद्र्याचा दोष होता की नाही, हे कसे ओळखावे?

तुटलेला छेद दिवसाच्या तिरप्या उजेडात, साध्या भिंगाने पाहावा. पृष्ठभागावरील एखाद्या बिंदूपासून पसरत गेलेल्या अर्धवर्तुळाकार रेषा दिसल्या, तर तो फटीग आहे आणि त्या बिंदूवरील थर तडकलेला आहे का हे पाहावे लागते. बोल्टच्या छेदात अशा रेषा नसून साखरेच्या कणांसारखी चकाकी असेल, तर हायड्रोजनचा संशय घ्यावा. पितळी नळात काळवंडलेल्या, फांद्या फुटलेल्या चिरा असतील, तर अमोनियाचा. तपासणीला देण्याआधी दोन तुकडे एकमेकांवर बसवून पाहण्याचा मोह सर्वांना होतो आणि त्यातच छेदावरील पुरावा घासून जातो. तुकडे जुळवू नयेत, पुसू नयेत, पाण्याने धुऊ नयेत. कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून, कोणता भाग कोणत्या बाजूचा आणि तुटण्याआधी तो किती काळ चालला होता हे त्यावर लिहून, तसेच प्रयोगशाळेत द्यावेत.